नऊ फायलींचा क्रम

एक

गुरुवारी सकाळी सव्वादहाला दफ्तरबाईंनी कपाटातल्या फायली मोजल्या, त्या नऊ भरल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजल्या. नऊच. काल संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने ठेवल्या होत्या त्या दहा.

वाहन परवाना कार्यालयाचं दफ्तर म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली, चार लोखंडी कपाटं आणि एक टेबल. बुधवारी मागच्या मैदानावर स्कूटर-मोटारसायकलींची चाचणी व्हायची. उत्तीर्ण झालेल्यांच्या फायली संध्याकाळी बाईंकडे यायच्या, दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांच्या सहीला जायच्या. कालच्या नोंदवहीत दहा जणांपुढे बाईंनी ‘उत्तीर्ण’ लिहिलं होतं. अक्षर त्यांचंच, शाई त्यांचीच.

रोज दुपारी बारापर्यंत कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, असा बाईंचा नेम होता. बारानंतर सूट होती, पण इतक्या वर्षांत ती वापरायची सवय काही त्यांना लागली नव्हती. म्हणून ‘चोरी’ हा शब्द त्यांनी मनातसुद्धा येऊ दिला नाही. ‘चुकून कुठे सरकली असेल,’ असं म्हणत त्यांनी कपाट रिकामं केलं. मागे बघितलं, खाली बघितलं. फाइल नव्हती.

गेली होती ती घड्याळवालीची फाइल.

उरलेल्या नऊ पुन्हा कपाटात ठेवताना मात्र बाईंचा हात थबकला. बाई फायली लावायच्या त्या आडनावाच्या क्रमाने. तीस वर्षांत त्यात बदल नव्हता. आणि या नऊ तशा नव्हत्या. पहिलं आडनाव शेवटी, मधलं पहिलं, सगळीच उलथापालथ. पण कडा कशा अगदी ठोकून जुळवलेल्या.

म्हणजे फाइल आपसूक सरकली नव्हती. कुणीतरी त्या दहाही हातात घेतल्या होत्या. आणि नऊ परत ठेवल्या होत्या, नीट लावून.

बाईंनी एक कोरा कागद ओढला आणि नऊ फायलींचा आत्ताचा क्रम जसाच्या तसा उतरवून घेतला. का, ते त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

दोन

साडेदहाला घड्याळवाली दारात उभी राहिली. काखेत हेल्मेट, खांद्याला अवजारांची पिशवी. मागोमाग तिचा दादा.

ती पंचविशीतली. चौकात तिचं हातभर दुकान होतं, मनगटी घड्याळापासून भिंतीवरच्या लंबकापर्यंत सगळं दुरुस्त करायची. पाच वर्षांची असताना तिचं ऐकणं गेलं. ओठ वाचून ती बोलणं समजून घ्यायची आणि स्वतः बोलायची ते एकाच सुरात, जरा मोठ्याने.

“बाई, सही झाली?”

बाई तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या, “नाही गं. तुझी फाइल सापडत नाही.”

घड्याळवालीने आधी बाईंच्या ओठांकडे बघितलं, मग डोळ्यांकडे. आपण बरोबर वाचलं ना, याची खात्री करतात तसं.

“माझा शिकाऊ परवाना आज संपतो,” ती म्हणाली.

ते बाईंना ठाऊक होतं. त्याहून जास्तही ठाऊक होतं. गावातल्या चौतीस शाळांच्या घड्याळांची देखभाल तिला मिळाली होती. भिंतीवरची घड्याळं काही दुकानात येत नाहीत, त्यांच्याकडे जावं लागतं, म्हणून स्वतःचं वाहन आणि पक्का परवाना ही अट होती. परवान्याचा क्रमांक आज पाचच्या आत शाळा कचेरीत कळवायचा होता, नाहीतर काम यादीतल्या दुसऱ्याला. फाइल नाही तर सही नाही. शिकाऊ परवाना संपला की पुन्हा नवा अर्ज, पुन्हा महिनाभर थांबणं, पुन्हा चाचणी. आणि मोठे साहेब आज तीनला दौऱ्यावर निघणार, ते थेट सोमवारी परतणार.

“बाई, मी कपाटाखाली बघतो,” असं म्हणत दादा गुडघ्यांवर बसलासुद्धा. तो याच कार्यालयाच्या अंगणात नव्या गाड्यांना नंबरपाट्या बसवायचा. सगळे त्याला पाटीवाला म्हणायचे. बहिणीपेक्षा दहा वर्षांनी मोठा, अबोल, हातांवर कायम पत्र्याचे ओरखडे. “या कपाटामागेही बघतो. तुम्ही नका वाकू.”

“दादा, उठ,” घड्याळवाली म्हणाली. “बाईंनी बघितलं असणार.”

“तू बाहेर थांब. ऊन नाही अजून. थांब जा.”

ती गेली नाही. तिने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. गाडीची नोंदणी, विमा, धुराचं प्रमाणपत्र, डॉक्टरांचा दाखला. “सगळ्याच्या नकला आहेत. नव्याने फाइल करा.”

“बाळा, चाचणीचा तक्ता हवा. निरीक्षकांच्या सहीचा. त्याची नक्कल आम्ही ठेवत नाही.” हे सांगताना बाईंना पहिल्यांदाच त्या नियमाचा राग आला.

काल साडेपाचला, फायली कपाटात ठेवून झाल्यावर, त्या डबा धुवायला व्हरांड्यातल्या नळावर गेल्या होत्या. दहा मिनिटं, फार तर बारा. परत आल्या तेव्हा टेबलावर रोजच्याप्रमाणे तीन वह्या येऊन पडल्या होत्या: निरीक्षकांची चाचणीवही, खिडकीवाल्या भाऊंची टोकनवही आणि पाटीवाल्याची पाट्यांची वही. त्यानंतर त्यांनी स्वतः कुलूप लावलं होतं, आणि सकाळी ते जसंच्या तसं होतं.

त्या दहा मिनिटांत तिघंच आत आले होते.

तीन

“माझ्यावर संशय आहे ना? सरळ विचारा की!” खिडकीवाले भाऊ काचेआडून ओरडले. बाईंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं. “माझा मेहुणा घड्याळं दुरुस्त करतो. शाळांच्या यादीत दुसरा नंबर त्याचाच. सगळ्या ऑफिसला माहीत आहे. झालं! भाऊंनी फाइल खाल्ली!”

“मी कुठे काय म्हटलं?”

“तुम्ही म्हणत नाही, बाई. तुम्ही नुसतं बघता. ते जास्त वाईट.”

“काल फायलींना हात लावलात का, भाऊ?”

“वही टेबलावर टाकली आणि पळालो. बस सुटत होती. आणि एक सांगू? त्या मेहुण्याला ते काम मिळूच नये. आमच्याच घरातलं घड्याळ दोन वर्षं त्याच्याकडे पडलंय. मी विचारलं की म्हणतो, वेळ आली की देईन.”

बाईंना हसू आलं. त्याच वेळी त्यांच्या कडेवरचा नऊ फायलींचा गठ्ठा निसटला आणि खिडकीच्या फळीवरून पलीकडे, भाऊंच्या पायांपाशी पसरला.

“अरे देवा,” बाई म्हणाल्या.

“आता निवृत्ती घ्या, बाई,” भाऊ कुरकुरत वाकले. फायली गोळा करताना त्यांचा अंगठा प्रत्येक फाइलच्या डाव्या कोपऱ्यावरच्या टोकनावर जात होता. “एकशे चार... एकशे सात... एकशे अकरा... ही घ्या. नीट धरा.”

बाई जिन्याखाली गेल्या आणि कागद काढून ताडून बघितलं. भाऊंनी लावलेला क्रम वेगळा होता. कागदावरचा वेगळा.

निरीक्षक मैदानावर चुन्याचा पुसट झालेला आठचा आकडा ताजा करून घेत होते. बोलण्यापेक्षा शिट्टीवर त्यांचा भरवसा जास्त. एक शिट्टी म्हणजे निघा, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे नापास.

“काल तिच्यासाठी रुमाल हलवावा लागला,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शिट्टी खिशात आणि हातात रुमाल. मलाच कसंतरी वाटलं.”

“तुमचा विरोध होता ना?”

“होता. उघड होता. मागून ट्रकने हॉर्न दिला तर काय, असं मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, नियमात आता बसतं: दोन्ही आरसे हवेत, गाडीमागे ऐकू येत नसल्याची खूण हवी, बाकी चाचणी सगळ्यांसारखी. मग चाचणी घेतली.” त्यांनी मान हलवली. “हेल्मेटचा पट्टा लावलेला. निघण्याआधी आरसे जुळवले. आठमध्ये पाय टेकला नाही. वळताना नुसत्या आरशावर न राहता मान फिरवून बघितलं. बाई, कान शाबूत असलेले निम्मे लोक मान फिरवत नाहीत. नापास कशावर करू?”

“मग तक्ता पुन्हा लिहून द्या ना.”

“आठवणीतून? तो खोटा कागद होईल. तिचा परवाना खोट्या कागदावर उभा करू?” मग म्हणाले, “तिचा भाऊ काल कुंपणापाशी होता. अख्खी चाचणी पाठ फिरवून उभा. मला वाटलं, त्यालाही धीर होत नसेल.”

इथेही फायली निसटल्या. निरीक्षकांनी भुवया उंचावल्या, पण निमूट गोळा केल्या आणि लावल्या त्या जाकिटांच्या क्रमाने. चाचणीला येणाऱ्याच्या पाठीवर ते आकडा लिहिलेलं जाकीट चढवायचे, तोच आकडा तक्त्याच्या मधोमध असायचा. तीन, चार, सहा, सात...

बाईंनी कागद ताडला. हाही क्रम नव्हता.

दोघांनी खरंच हात लावला नसेल तर? तिसऱ्यापुढे बाईंनी अजून फायली पाडल्या नव्हत्या. पाडायची इच्छाच होत नव्हती.

चार

अंगणात तीन नव्या मोटारसायकली रांगेत उभ्या होत्या. एकीच्या मालकाला दादा पाटीच्या आकड्यांची उंची समजावत होता. “फॅन्सी अक्षर चालत नाही, साहेब. मामाचं नाव तर नाहीच नाही.”

“अहो, गाडी मामांनीच दिलीये!”

“मग मामांना सांगा, नाव मनात ठेवा. पाटीवर फक्त नंबर.”

त्याच्या शेजारी सकाळी कारखान्यातून आलेला पाट्यांचा ढीग होता. बोलता बोलता त्याचे हात तो ढीग लावत होते. तो तिकडे बघतही नव्हता. उठावाच्या आकड्यांवरून बोट फिरायचं, पाटी आपल्या जागी जायची. लहान आकडा वर, मोठा खाली. दोन मिनिटांत चाळीस पाट्या रांगेला लागल्या आणि त्याने कडा हाताने ठोकून जुळवल्या.

ठक, ठक, ठक.

बाई तशाच मागे वळल्या. दफ्तरात येऊन त्यांनी सकाळचा कागद उलगडला, त्यानुसार नऊ फायली टेबलावर मांडल्या आणि प्रत्येकीतला चाचणीचा तक्ता उघडला. तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, चाचणी ज्या गाडीवर दिली तिचा क्रमांक असतो. तो कुणी वाचत नाही. भाऊ टोकन वाचतात, निरीक्षक जाकीट वाचतात, त्या स्वतः आडनाव वाचतात.

०४१२. ११८७. २०९३. २६६०. ३३४१...

नवव्या फाइलपर्यंत आकडे चढत गेले होते. एकही जागा चुकली नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते. वाईट बोलायची मोकळीक सुरू झाली होती आणि बाईंना एक शब्द सुचत नव्हता. जो सकाळी गुडघ्यांवर बसून कपाटाखाली शोधत होता, त्याला तिथे काहीच सापडणार नाही हे माहीत होतं.

पाच

“माझ्या हातून पडल्या त्या, बाई.” दादाने नाकारलं नाही. पाट्यांच्या खोलीत, पत्र्याच्या भुशात, तो पाटावर बसला. “तुम्ही यायच्या आत भराभर उचलल्या. लावल्या कशा, मलाच ठाऊक नाही. हातांनी लावल्या.”

“फाइल कुठे आहे?”

त्याने फळीखालून एक वस्तू काढली. मोटारीच्या दोन लांब, रद्द झालेल्या पाट्या, पाठीला पाठ लावून चारही कोपऱ्यांना रिव्हेट ठोकलेल्या. मधे उभी दुमडलेली फाइल. दोन्ही बाजूंनी कागदाची कड डोकावत होती.

“फाडायला घेतली होती. पहिल्याच पानावर तिचा फोटो. हात चालेना. तशीच ठेवली असती तर मी ती परत आणून दिली असती. म्हणून ठोकूनच टाकली.”

“पण का रे? तिचं सगळं आयुष्य उभं राहतंय त्या कागदावर.”

त्याने ठोकलेल्या पाट्या मांडीवर ठेवल्या.

“मी पंधराचा होतो. काकांची मोटारसायकल न विचारता काढली. परवाना नाही, वय नाही. हिला पुढे टाकीवर बसवलं, पाच वर्षांची होती. हेल्मेट एकच, तेही आरशाला अडकवलेलं. वळणावर वाळू होती.” त्याने हात आडवा केला, इतकंच. “मला खरचटलंसुद्धा नाही. घरी सांगितलं, जिन्यावरून पडली. अजून सगळ्यांना तेच माहीत आहे. तिलाही. वीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांना पाट्या लावतो आणि घरी चालत जातो. काल ती त्या आठमध्ये फिरत होती ना, बाई, तेव्हा मला फक्त ते वळण दिसत होतं.”

“तिला सांग.”

“नाही जमणार.”

“दादा.”

आवाज एकसुरी होता, जरा मोठा. घड्याळवाली दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. तिने त्याचे ओठ वाचले होते, शेवटपर्यंत.

दादा उठला, पुन्हा बसला. तिच्याकडे बघण्याचं त्याला धैर्य होईना, आणि त्याने तोंड वर केलं नाही तर तिला त्याचे ओठ वाचता येईनात. तिने पुढे होऊन त्याची हनुवटी धरून वर केली.

“जिन्यावरून नाही पडले, ते मला माहीत आहे. मी तिथेच होते ना!”

“तुला आठवतं?”

“पडलेलं नाही आठवत. त्याच्या आधीचं आठवतं. वारा. तू गाणं म्हणत होतास, अगदी बेसूर. मी ऐकलेलं शेवटचं तेच आहे.” दुसऱ्या हाताने तिने पाट्यांकडे बोट दाखवलं. “वीस वर्षं मला ते पुन्हा हवं होतं, गाडीवरचा वारा. आणि तू ठोकून ठेवलंस?”

दादा रडायला लागला. ती त्याच्यावर चांगलीच चिडलेली होती आणि ते लपवतही नव्हती, पण हनुवटी काही तिने सोडली नाही.

“नंतर रड,” ती म्हणाली. “आधी ड्रिल घे. दीड वाजलाय.”

सहा

तीन रिव्हेट सहज निघाले. चौथा तक्त्याच्या कोपऱ्यातून आरपार गेला होता. तो दादाने नव्हे, घड्याळवालीनेच काढला, पिशवीतल्या बारीक चिमट्याने, श्वास धरून. तक्त्याला मसुराएवढं भोक राहिलं. सही वाचली, गाडीचा क्रमांक वाचला.

पावणेतीनला मोठे साहेब जिन्याच्या निम्म्यावर होते. बाईंनी त्यांना तिथेच गाठलं. मागे घड्याळवाली, तिच्यामागे दादा, आणि काय होतंय ते बघायला खिडकी सोडून आलेले भाऊ.

“हे भोक कसलं?” साहेबांनी विचारलं.

सोबत बाईंनी एक टिपण जोडलं होतं. खोटं लिहायचं नाही, हा नेम मात्र चोवीस तासांचा होता. फाइल काल संध्याकाळी साडेपाचपासून आज दुपारी दीडपर्यंत दफ्तराबाहेर होती, ती कुणी नेली, कशी ठेवली आणि कुणी परत केली, हे त्यात चार ओळींत होतं. खाली आणखी एक ओळ: दफ्तर उघडं टाकून गेल्याची चूक माझी.

साहेबांनी टिपण दोनदा वाचलं. “पाटीवाले, हे खरं?”

“खरं, साहेब.”

“सरकारी कागद नेणं म्हणजे काय, कळतं ना?”

“कळतं. जी शिक्षा द्याल ती घेईन. फक्त तिची सही अडवू नका.”

साहेबांनी घड्याळात बघितलं. निरीक्षक मैदानावरून धावत आले होते. त्यांनी तक्ता हातात घेतला, भोक उजेडाला धरलं. “अक्षर माझं. सही माझी. गुण तेच. मी समोर उभा राहून सांगतो.”

“अर्जदाराचा यात काही दोष?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी जिन्याच्या कठड्यावर फाइल टेकवली आणि सही केली. “परवान्याचा क्रमांक काढून द्या तिला. पाटीवाले, तुमचं सोमवारी बघतो. तोवर दफ्तराचा उंबरा ओलांडायचा नाही. आणि बाई, तुम्ही डबा धुवायला जाताना कुलूप लावत जा हो.” ते दोन पायऱ्या उतरले आणि वळून घड्याळवालीकडे तोंड करून सावकाश म्हणाले, “सावकाश चालवा.”

“सगळे तेच सांगतात,” ती म्हणाली. भाऊ खदखदून हसले.

सव्वातीनला तिने अंगणात हेल्मेटचा पट्टा लावला. दादा चार हात लांब उभा होता. कालच्यासारखी पाठ त्याने फिरवली नव्हती, पण हाताच्या मुठी घट्ट आवळलेल्या होत्या. तिने त्याच्याकडे बघून खूण केली. काय खूण केली ते बाईंना कळलं नाही, दोघांच्या घरातलीच ती असावी. त्याने मान हलवली. स्कूटर फाटकातून डावीकडे वळली आणि शाळा कचेरीच्या रस्त्याला लागली.

आवाज अगदी नाहीसा होईपर्यंत दादा ऐकत उभा राहिला. मग मुठी सोडून बाईंकडे आला.

“बाई, शिकाऊ परवान्याचा फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतो?”

“कुणाला हवाय?”

“मला. वय केव्हाच झालंय की.”

“दोन नंबर,” बाई म्हणाल्या. “पण भाऊ चारला खिडकी बंद करतात. पळ लवकर.”

तो पळाला.